मार्चमधल्या अकरा नोंदी

दोन्का मिनेवाला बिघडत चाललेली डिस्क कानाने कळायची. त्यात जादू काही नव्हती. स्तारा झागोरा शहरातल्या, कॉम्प्युटरच्या डिस्क बनवणाऱ्या कारखान्यात, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर तिने एकोणीस वर्षं काढली होती. अंगात पांढरा कोट, केस टोपीत घट्ट कोंबलेले, समोर कपाटाएवढं तपासणीचं यंत्र, आणि दिवसभर एकामागून एक डिस्क. चांगली डिस्क एका सुरात गुणगुणते. आजारी डिस्क मध्येच थांबते, टक् करते, मागे जाते, पुन्हा वाचायला बघते. अशा डिस्कला लाल चिठ्ठी लावायची आणि बाजूला ठेवायची, एवढंच दोन्काचं काम.

काचेच्या भिंतीपलीकडे नेवेना बसायची. सूक्ष्मदर्शकातून बघत डिस्क वाचणारं डोकं जोडायचं, हे तिचं काम. हात असे स्थिर की फोरमन तिला कॉफी प्यायला द्यायचा नाही. तोंड मात्र एका जागी स्थिर नसायचं. दोघी एकाच वर्षी, पंचाहत्तर साली, कारखान्यात लागल्या, एकाच बसने आल्या-गेल्या, आणि एकीच्या लग्नात दुसरी नाचली.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात वर्षाचं उद्दिष्ट काही पुरं होईना. तेव्हा इंजिनिअर हिंकोव यांनी तपासणीत एक बारीकसा बदल केला. पहिल्या प्रयत्नात वाचता आलं नाही तर यंत्राने गुपचूप दहा वेळा प्रयत्न करायचा. दहाव्यांदा जमलं तरी डिस्क पास.

जेवणाच्या सुट्टीत नेवेनाने सगळ्यांसमोर विचारलं, “साहेब, नवरा दहाव्या हाकेला ओ देतो. त्याचे कान शाबूत आहेत म्हणायचं का?”

बायका खो खो हसल्या. हिंकोव हसले नाहीत. “तुम्ही जोडायचं काम करा, नेवेनाबाई. सही दोन्काला करायची आहे.”

दोन्काने सही केली. त्या महिन्यात चाळीस डिस्कवर तिची सही गेली. त्यांचं पुढे काय झालं, कुणाच्या कामात त्यांनी दगा दिला, तिला कधी कळलं नाही. नेवेना आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी फडक्यात गुंडाळलेली, चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आली आणि म्हणाली, “खा. तुझ्यावर रागवून माझंच पोट दुखायला लागलंय.”

पुढे राज्य बदललं, गिऱ्हाईक गेलं, कारखाना एकेक दालन करत बंद पडला. नेवेना एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. दोन्का चाळिशीला टेकताना पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकली आणि शहराच्या कडेच्या एका लहान इस्पितळात यंत्रं सांभाळायच्या कामावर लागली. जागा तळघरात, धुलाईघराच्या शेजारी. वरच्या मजल्यावरच्या नर्सेस तिला ‘दोन्काताई’ म्हणायच्या आणि पडदा गोठला, छपाई अडली, पासवर्ड हरवला, की खाली फोन करायच्या.

दोन हजार अकराच्या जानेवारीत तिला सर्व्हरमधून तो आवाज आला. टक्. थांबणं. पुन्हा टक्. ती अर्ज घेऊन संचालकांकडे गेली. डॉक्टर चाकरोव मुळात हाडांचे डॉक्टर, आणि गेली सहा वर्षं खुर्चीवर.

“चालतंय ना?” त्यांनी विचारलं.

“चालतंय. पण डिस्क जाणार आहे.”

“दोन्काबाई, आपण सगळेच जाणार आहोत. चालत नाही तेव्हा या.”

अर्ज तिथेच राहिला. ती मार्चमध्ये पुन्हा गेली. तेव्हा डिस्क मागवली गेली, आणि ती यायच्या दोन दिवस आधी तो मंगळवार उजाडला.

सकाळी नऊला वरचे पडदे अडखळायला लागले. एक नोंद उघडायला अर्धा मिनिट, मग एक मिनिट. अकराच्या सुमाराला सगळंच थिजलं. दोन्काने सर्व्हरची रोजनिशी उघडली, म्हणजे यंत्र आपल्या तक्रारी जिथे आपल्याआपण लिहून ठेवतं ती फाईल. शंभर किरकोळ ओळींच्या गर्दीत एक ओळ होती: अमुक जागी लिहिता आलं नाही. खाली पुन्हा नेहमीच्या ओळी. तीच तक्रार दुसऱ्यांदा नव्हती. तिने ती ओळ वाचली. पुढे वाचत गेली. मग अकरा चाळीसला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. नर्सेसनी वरून फोन करून आभार मानले. गुरुवारी नवी डिस्क आली. दोन्काने जुनीवरचं सगळं नवीवर उतरवलं आणि तपासणी चालवली. तपासणी म्हणाली, दोष नाही. तिने वहीत तसं लिहिलं आणि घरी जाऊन स्वतःसाठी फळांच्या दारूचा, राकियाचा, छोटा पेला ओतला. काम नीट पार पडलं होतं.

पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सर्जनच्या खोलीबाहेर बाकावर नेवेना बसलेली दिसली. रंग पिवळट पडला होता, आणि पाठ टेकायला ती बाकाची कड शोधत होती.

“काय गं, तू इथे?”

“पाठ धरलीय. त्यात ही गाठपण वाढलीय.” तिने काखेकडे हात नेला. “मार्चमध्ये तुकडा काढून तपासायला दिला होता. तुमच्या यंत्रात अजून ‘निकाल बाकी’ म्हणे. पाच महिने! तुकडा तपासतायत की लोणचं घालतायत?”

“मग तू विचारलं नाहीस?”

“विचारलं की. एप्रिलमध्ये फोन केला. म्हणाले, आला नाही, आला की आम्हीच कळवू. वाटलं, वाईट असतं तर धावत आले असते.”

दोन्काने तारीख विचारली. नेवेनाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तुकडा दिला तो शुक्रवार. निकाल लिहिला जायचा तो पुढच्या मंगळवारी.

दोन्का तळघरात उतरली ती जिन्याच्या कठड्याला धरून. तिथून पॅथॉलॉजीच्या खोलीत गेली. डॉक्टर लोझानोवा, सत्तरीची पॅथॉलॉजिस्ट, एप्रिलमध्येच निवृत्त झाली होती. पण तिच्या वह्या कपाटात होत्या. कॉम्प्युटरवर निकाल टाकण्याआधी वहीत हाताने लिहायची तिची जुनी सवय. दोन्काने मार्चचं पान काढलं. त्या मंगळवारी सकाळी अकरा निकाल, प्रत्येकापुढे ‘नोंदवला, पाहिला’ अशी बरोबरची खूण. सातव्या ओळीवर नेवेनाचं नाव. पुढे कर्करोगाचं नाव, आणि त्याखाली दोनदा ओढलेली रेघ. तातडीचं, असा त्याचा अर्थ.

मग दोन्का यंत्राकडे गेली. अकरांपैकी दहा नोंदी एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा टाकलेल्या होत्या. त्यांच्या सर्जननी फोन करून निकाल विचारले होते, आणि लोझानोवाने ते पुन्हा टाकले होते. सगळ्यांना वाटलं, बाईंचं वय झालं, टाकायचं विसरल्या. लोझानोवालाही तसंच वाटलं. म्हणूनच तिने निवृत्ती घेतली, हे दोन्काला नंतर कळलं. अकरावा फोन लोझानोवाला कुणी केला नव्हता; नेवेनाचा स्वतःचा फोन चौकशीच्या खिडकीवरच संपला होता. नेवेनाचा सर्जन तेव्हा रजेवर होता.

काय झालं होतं ते दोन्काला त्या खोलीत उभ्याउभ्याच कळलं. कॉम्प्युटरवर काही सेव्ह केलं की ते लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ते आधी मेमरीत ठेवते आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते. त्या सकाळी उतरवायला गेली तेव्हा डिस्कने घेतलं नाही. सिस्टीमने रोजनिशीत एक ओळ टाकली आणि त्या अकरा निकालांचं पान जणू उतरलंच असं धरून पुढे गेली. पुन्हा प्रयत्न नाही, कुणाला हाक नाही, वरच्या पडद्यावर एक शब्द नाही. लोझानोवाने निकाल पुन्हा उघडून पाहिला तो मेमरीतला होता, म्हणून तो बरोबर दिसला. अकरा चाळीसपर्यंत जगात त्या अकरा निकालांची एकच खरी प्रत होती, आणि ती मेमरीत होती. दोन्काने बटण दाबलं आणि ती गेली.

तिने त्याच दिवशी सर्जनला सांगितलं. त्याने नेवेनाला तिसऱ्या मजल्यावर नेलं, तपासण्या सुरू झाल्या. आठवड्याभरात कळलं की रोग मणक्यात पोचला आहे.

पुढच्या शनिवारी दोन्का नेवेनाच्या घरी गेली. नेवेना बाल्कनीत मिरच्या भाजत होती. तिचा नवरा स्तामो, बसचा निवृत्त ड्रायव्हर, बरण्या आणायला बाजारात गेला होता. मिरच्यांच्या धुराने डोळ्यांत पाणी येत होतं.

“नेवेना, तुला काही सांगायचंय.”

“सांग. पण सोलता सोलता सांग. ती टोपली आहे बघ.”

दोन्काने मिरची हातात घेतली आणि सगळं सांगितलं. नेवेनाला समजावून सांगावं लागलं नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं तिने डिस्कच जोडल्या होत्या. ती फक्त मध्ये मध्ये विचारत गेली.

“म्हणजे यंत्राला माहीत होतं, लिहिलं गेलं नाही ते?”

“होतं. एकदा बोललं. जिथे कुणी बघत नाही तिथे.”

“तू बघितलंस.”

“बघितलं.”

“आणि त्या डॉक्टरीणबाईला पडद्यावर बरोबर दिसत होतं?”

“मी बंद करेपर्यंत.”

“तू.”

“मी.”

नेवेनाने भाजायच्या भांड्याचं झाकण उचललं, आतली मिरची फिरवली, झाकण ठेवलं. हात पूर्वीसारखेच स्थिर होते.

“ती ओळ वाचल्यावर, त्या जागी काय लिहायचं होतं, हे शोधावंसं नाही वाटलं तुला?”

“नाही वाटलं. वर सगळे ओरडत होते. चालू करायची घाई होती.”

“कारखान्यात आपण लाल चिठ्ठी लावायचो.”

“हो.”

“नेहमी नाही.”

“नेहमी नाही,” दोन्का म्हणाली.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. नेवेनाने भाजलेली मिरची काढून टोपलीत टाकली. मग म्हणाली, “दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मला हे कधी कळलंच नसतं. मेले असते की देवाची मर्जी म्हणत.”

“कळलेलं बरं की नाही?”

“मला काय विचारतेस? मी काय दोनदा मरून बघितलंय?” ती हसली, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून कठडा धरला. “स्तामोला मी सांगेन. तू आज थांबू नकोस. तो तुला जिन्यावरून ढकलून देईल.”

“देऊ दे.”

“तुझं हाड मोडलं तर बसवायला तुमचा तो चाकरोवच यायचा. नको. जा. आणि हे इस्पितळाला लिहून दे, तुझ्या नावानिशी. मला जसं सांगितलंस तसं.”

दोन्काने चार पानी अहवाल लिहिला. कुठल्या मिनिटाला काय झालं, जानेवारीतला अर्ज, रोजनिशीतली ती ओळ, आणि ‘सर्व्हर मी बंद केला’ हे वाक्य. समिती बसली. समितीत वकीलही होता. त्याने अहवाल वाचून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “बाई, एवढं कुणी विचारलं नव्हतं.” स्तामोच्या घरी जे पत्र गेलं त्यात एकच वाक्य होतं: तांत्रिक कारणामुळे निकाल कळवण्यास विलंब झाला, त्याबद्दल खेद आहे.

नेवेना नोव्हेंबरात गेली. शेवटचे दोन महिने स्तामोने दोन्काला दारात उभं केलं नाही. फोन उचलला तरी आवाज ओळखून ठेवून द्यायचा. गेल्याचं तिला कुणी कळवलं नाही. बसथांब्याच्या खांबावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवला होता, त्यावर नेवेनाचा जुना फोटो, कारखान्यातल्या ओळखपत्रावरचा. दोन्का बसमध्ये चढली नाही. इस्पितळापर्यंत चालत गेली, तळघरात पोचली, आणि दुपारपर्यंत कोट न काढता बसून राहिली.

अंत्यविधीला ती चर्चच्या मागच्या खांबापाशी उभी राहिली. मृताच्या नावाने देतात तो उकडलेला गहू वाटत स्तामोची बहीण तिच्यापर्यंत आली आणि वाटा न देता पुढे गेली.

त्या हिवाळ्यात दोन्काने सर्व्हरची मांडणी बदलली. लिहिणं एकदा जरी फसलं तरी यंत्राने पुढे जायचं नाही. सगळं जागच्या जागी थांबवायचं, आणि प्रत्येक पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचं: ‘लिहिलं गेलं नाही. कागदावर लिहा. तळघरात फोन करा.’ शिवाय सकाळी ती स्वतः मजल्यामजल्यावर जाऊन आदल्या दिवसाच्या पाच-पाच नोंदी वहीशी ताडून बघायची. नर्सेस कंटाळायच्या. एक म्हणालीसुद्धा, “ताई, तुमचा यंत्रावर विश्वास नाही तर आम्ही कसा ठेवायचा?” दोन्का म्हणाली, “ठेवू नका.”

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, बाह्यरुग्णांची रांग फाटकापर्यंत गेलेली असताना, यंत्र थांबलं. एक केबल सैल झाली होती, एक नोंद लिहिली गेली नाही, आणि सगळ्या पडद्यांवर ती अक्षरं आली. दोन तास इस्पितळ कागदावर चाललं. डॉक्टर चाकरोव सात वर्षांत पहिल्यांदा तळघरात उतरले.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

“थांबायला मी सांगितलंय. केबल आपली आपण सैल झाली.”

“एका नोंदीसाठी अख्खं इस्पितळ बंद? वर लोक शिव्या देतायत!”

“ती नोंद कुणाची आहे ते मला माहीत आहे, डॉक्टर. त्यांना बोलावून पुन्हा लिहून घेतलीय. गेल्या मार्चमध्ये वर कुणी शिव्या दिल्या नव्हत्या.”

त्यांनी मागचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “यंत्र चालू राहिलं पाहिजे. पूर्वीसारखं करा.”

“लेखी द्या. ‘लिहिलं गेलं नाही तरी थांबू नये’ असं लिहा आणि सही करा.”

सही त्यांनी केली नाही. मेमध्ये यंत्रांचं काम बाहेरच्या एका कंपनीकडे दिलं गेलं आणि दोन्काची जागाच कागदावरून नाहीशी झाली. नव्या माणसांनी पहिल्या दिवशी काय केलं, हे एका नर्सने फोनवर सांगितलं: “ताई, आता ते काही येत नाही पडद्यावर. छान चालतंय.”

घरी बसून दोन्काने ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या लोकांना पत्र लिहिलं. ही माणसं जगभर विखुरलेली असतात आणि एकमेकांशी उघड पत्रव्यवहार करतात. शब्दकोश उशाला घेऊन ती तीन आठवडे खपली. लिहिलं ते साधं होतं: डिस्क मरते, त्याला इलाज नाही. पण डिस्कने नाही म्हटलेलं तुमच्या सिस्टीमने लपवू नये. लिहिलं गेलं नाही ते पान लिहिलं असं धरू नये. एकदा सांगून गप्प बसू नये. ज्याने लिहायला दिलं त्याच्या तोंडावर सांगावं, आणि तो ऐकेपर्यंत थांबून राहावं. खाली तिने नेवेनाचं नाव घातलं नाही. ‘एक बाई’ एवढंच लिहिलं.

उत्तरं आली. एकाने लिहिलं, सिस्टीमने एकदा सांगितलं होतं, ऐकणं प्रोग्रॅमचं काम. दुसऱ्याने लिहिलं, मरू घातलेल्या डिस्कसाठी मेमरी किती वेळ अडवून ठेवायची? तिसऱ्याने फक्त एवढंच विचारलं, त्या बाईंचं काय झालं. दोन्काने त्याला उत्तर दिलं. त्यानंतर त्याचं काही आलं नाही, आणि वाद आपसात दुसऱ्याच मुद्द्यावर गेला.

नेवेना जाऊन वर्ष झालं त्या आठवड्यात, भर दुपारी, दोन्काच्या दारावर थाप पडली. ती चौथ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद होती. दारात स्तामो, धापा टाकत. हातात इस्पितळाचं ते पत्र, घड्या पडून पडून मधोमध फाटलेलं.

“आत ये,” ती म्हणाली.

“येत नाही.” त्याने चौकटीला हात टेकला. “एक विचारायचंय. सर्जनला विचारलं, तो म्हणाला सांगता येत नाही. वकिलाला विचारलं, तो म्हणाला सांगता येत नाही. तो चाकरोव तर भेटतच नाही. तू सांग. मार्चमध्ये कळलं असतं तर ती जगली असती?”

दोन्काने याचं उत्तर वर्षभर शोधलं होतं. लोझानोवाच्या घरी जाऊन तिच्यासमोर वही ठेवली होती, आणि म्हातारीने चष्मा काढून जे सांगितलं ते तिला पाठ होतं.

“मार्चमध्ये गाठ काखेतच होती,” ती म्हणाली. “मणक्यात गेली नव्हती. अशा दहा बायकांतल्या सात जगतात.”

“सात.”

“हो.”

“म्हणजे जगली असती.”

“बहुतेक जगली असती, स्तामो.”

त्याने चौकटीवरचा हात काढला. मारेल असं तिला वाटलं, आणि ती मागे सरली नाही. त्याने पत्राची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि खिशावर हात तसाच दाबून धरला.

“हे एवढं सांगायला त्यांना काय झालं होतं?” तो म्हणाला.

मग वळला आणि जिना उतरायला लागला. प्रत्येक मजल्यावर थांबत, श्वास घेत, पुन्हा उतरत. खालचं दार आपटल्याचा आवाज येईपर्यंत दोन्का चौकटीत उभी होती. त्यानंतर तो पुन्हा कधी आला नाही, आणि तिनेही त्याला फोन केला नाही.